चिमूट

नाना आधी डबे वाजवून बघायचे.
उघडायचे नाहीत, नुसते कानाशी हलवायचे.
"शेंगदाणे हायत. डाळ तळाला गेली.
ह्ये काय खुळखुळतंय? साबुदाणा.
ऱ्हाऊ दे, एकादशीला."

घणसोलीची माथाडी वसाहत, दुसरा मजला.
आईची दुसरी पाळी महाप्याला,
अकराच्या आत ती काही यायची नाही
आणि विक्रांतला भूक लागायची बरोबर साडेसातला.

टोपलीत कांदा एकच,
त्यालाही कोंब फुटलेला.
विक्रांत विचारायचा,
"तुम्ही दिवसभर कांदाच उचलता ना?"
तुर्भ्याच्या मार्केटात त्या दिवशी
पाठीवरून किती गाड्या उतरल्या ते नाना सांगायचे,
जुन्नरच्या दोन, नगरची एक,
पण गोणीतून घरंगळलेला कांदा
त्यांच्या पिशवीत कधी आला नाही.
"आपल्याला वाराई मिळती. कांदा न्हाई मिळत."
एवढं बोलून तो एकुलता एक कांदा
ते इतका बारीक चिरायचे
की चौघांना पुरेल असं वाटावं.
पुरायचाही.

म्हाद्या म्हणजे काय, तर
दाणे तव्यावर, सालीला डाग पडेस्तोवर,
मग खलबत्त्यात, पण पीठ नाही करायचं,
दाताखाली यायला हवेत.
लसूण, गावाकडची चटणी, आणि पाणी.
शिर्केवहिनींची सुप्रिया दारात रेंगाळत असेल
तर आणखी वाटीभर पाणी.
भाकरी त्यांच्या पंजाखाली
फिरायची नाही, पसरायची,
चार थापांत परातीएवढी.

पण मीठ आलं की मला हाक.

तीस वर्षं गोणीचा कान धरून धरून
बोटं अर्धीच मिटायची त्यांची,
अंगठा काही तर्जनीला भेटायचा नाही.
मधून मीठ सांडायचं, नाहीतर मूठभर यायचं.
"तू घाल गं. तुझी चिमूट नीट."
मी भौतिकशास्त्राच्या वहीतून उठून
पातेल्याच्या वाफेवर हात धरायची.
बारावीच्या त्या वर्षात
तेवढं एकच माप माझं चुकलं नाही.

आता खारघरला ओट्याखाली
रुळांवर सरकणारे खण आहेत माझ्या.
काचेच्या बरण्या, लांबूनच दिसतं काय आहे,
आणि सगळंच आहे.
तरी ऑफिसातून आल्यावर
काय करू, काय करू, म्हणत
अर्धा तास मोबाइलवर बोट फिरवत बसते,
मग उठून एखादी बरणी
उगाच हलवून बघते.

गेल्या महिन्यात आई पाटणला, मामाच्या घरभरणीला.
नाना एकटे म्हणून गेले.
म्हाद्या उकळत होता.
मी सवयीनं हात पुढे केला.
"घातलं की मीठ," म्हणाले.

मिठाच्या बरणीत
खोकल्याच्या औषधाचं प्लॅस्टिकचं टोपण,
आणि त्यावर बॉलपेननं मारलेली रेघ.

आठवलं.
हळदीच्या आदल्या रात्री ते टोपण घेऊन आले होते,
"यात एक चिमूट टाक."
मी टाकली. कशाला, ते विचारलं नाही,
पार्लरवाली ताटकळली होती.

रेघ पुसली जाऊन पुन्हा गिरवलेली,
दोनदा, नाही, तीनदा,
प्रत्येक वेळी जरा वर.

पहिला घास घेतला.
"नाना, खारट झालाय."
"व्हय? मला तर आळणी लागतोय."
थोडा वेळ दोघंही नुसते जेवलो.
मग त्यांनी टोपण धुऊन, फडक्यानं कोरडं करून
माझ्या ताटाशेजारी ठेवलं
आणि पेन शोधायला
फ्रिजवरचे सगळे कागद खाली काढले.